मूळव्याध म्हणून सोडून दिलेले रक्त



आज ज्या विषयावर मी आपणांशी बोलणार आहे, तो आपल्या घरांतून दिवाणखान्यात तर नाहीच, पण माजघरातही कोणी काढीत नाही. परसाकडे जाणे या क्रियेविषयी बोलावयाचे झाले तर आपण करंगळी किंवा दोन बोटे दाखवितो आणि शब्द टाळतो. सभ्यतेच्या दृष्टीने हे ठीकच आहे. परंतु पस्तीस-चाळीस वर्षे ग्वाल्हेरात दवाखाना चालविल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की या एका संकोचाने जितकी माणसे नेली, तितकी पुष्कळदा रोगाच्या स्वतःच्या उग्रतेनेही नेलेली नाहीत. तेव्हा आज थोडा वेळ हा संकोच बाजूस ठेवावा, अशी आपणां सर्वांस विनंती आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करतो. १९८६ सालची गोष्ट. मी नुकताच शिकून बाहेर पडलो होतो आणि लष्करातील एका लहानशा दवाखान्यात बसत होतो. आमच्या गल्लीत टपालखात्यातून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. वय ५८. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. उन्हाळ्याच्या तोंडी ते माझ्याकडे आले ते जिना चढताना दम लागतो, अशी तक्रार घेऊन. मी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, ती कागदासारखी पांढरी होती. रक्त कमी आहे हे उघड होते. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पालेभाजी आणि गूळ खाण्यास सांगितले, आणि महिन्याने परत या म्हटले. काका शिस्तीचे. महिन्याने आले, पुन्हा महिन्याने आले. अंगात रक्त थोडे वाढे आणि पुन्हा उतरे. मी गोळ्या बदलल्या.

प्रौढ पुरुषाच्या अंगातील रक्त उगाच कमी होत नसते, ते कोठून तरी जात असते, हे मला पुस्तकात शिकविले गेले होते. ते कोठून जाते, हा प्रश्न मी काकांना विचारला नाही. त्यांनीही मला सांगितले नाही. मात्र दारात बसणाऱ्या आमच्या कंपाउंडरला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, "जुनी मूळव्याध आहे हो, अधूनमधून रक्त पडतं, डॉक्टर आमच्या मुलासारखे, त्यांना काय सांगायचं!" कंपाउंडरने त्यांना इसबगोल दिला होता. पुढे आठ महिन्यांनी मी त्यांना एका वडीलधाऱ्या शल्यचिकित्सकांकडे पाठविले. त्यांनी हातमोजा चढवून बोटाने तपासणी केली. दोन मिनिटे लागली असतील. गुदाशयात कठीण, खडबडीत गाठ होती. तोवर रोग यकृतापर्यंत गेला होता. पुढच्या थंडीत काका गेले. त्या दोन मिनिटांचा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता या रोगाचे थोडे स्वरूप सांगतो. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या आतल्या अस्तरावर काही माणसांत लहान लहान कोंभ उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंभ आयुष्यभर निरुपद्रवी राहतात, परंतु काही वाढतात, त्यांचा स्वभाव पालटतो आणि अखेर त्यांतून कर्करोग होतो. या प्रवासास साधारणतः दहा वर्षे लागतात. शत्रू दहा वर्षे दाराशी उभा राहून वाट पाहतो, असे इतर कर्करोगांत क्वचितच घडते. कोंभ असतानाच दुर्बिणीतून तारेच्या फासाने तो काढून टाकता येतो, पोट उघडावे लागत नाही. ही युक्ती १९६९ पासून वैद्यकाला साध्य झाली आहे. कर्करोग झाल्यावरही तो आतड्यापुरताच मर्यादित असताना सापडला, तर अमेरिकेतील नोंदींप्रमाणे शंभरांतील सुमारे नव्वद रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर सुमारे पंधराच.

आपल्या देशात हा रोग युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी आहे, हे खरे. पण कमी म्हणजे दरवर्षी अंदाजे ७०,००० नवे रुग्ण, हेही खरे. आणि आपल्याकडील रुग्णाची एक गोष्ट मला विशेष अस्वस्थ करते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१३-१४ च्या एका वर्षात आलेल्या या रोगाच्या ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला आहे. त्यांचे सरासरी वय ४७ वर्षे होते. म्हणजे ज्याची मुले अजून शिकत आहेत, मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, असा कर्ता माणूस. गुदाशयात, म्हणजे अगदी खालच्या टोकाशी, गाठ असणाऱ्यांचे प्रमाणही आपल्याकडे मोठे आहे. यांतील कित्येक गाठी हातमोजा घातलेल्या बोटालाही लागू शकतात.

मग त्या सापडत का नाहीत? आमच्या शहरातून आगगाडीने बाहेर पडताना रुळांलगतच्या भिंती पाहाव्यात. "बवासीर, भगंदर का शर्तिया इलाज" ही अक्षरे चुन्याने रंगवलेली नाहीत अशी भिंत विरळा. लोकांच्या मनात रक्त म्हणजे मूळव्याध हे समीकरण इतके पक्के बसले आहे की त्यापलीकडे काही असू शकेल, अशी शंकाही येत नाही. मूळव्याध ही खरोखरच फार सामान्य गोष्ट आहे आणि दहांपैकी नऊ वेळा तो कयास बरोबरही ठरेल. दहाव्या माणसाचे काय? शिवाय मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही, असा कोठे नियम नाही. दोन्ही एकत्र नांदू शकतात, आणि तेव्हा पहिली दुसऱ्याला झाकते.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. ज्याला काही तक्रार आहे, रक्त पडते आहे, शौचाची सवय सहा आठवड्यांत बदलली आहे, वजन उतरते आहे, किंवा काकांप्रमाणे कारणाविना अंगातले रक्त कमी होते आहे, त्याची तपासणी ही चाळणी नव्हे. ते निदान होय आणि ते लगेच व्हावयास हवे. चाळणी म्हणजे ज्याला कसलीच तक्रार नाही, जो ठणठणीत आहे, अशा माणसाला ठराविक वयानंतर बोलावून तपासणे. पहिले काम झाले नाही तर ती चूक ठरते. दुसरे काम करावयाचे की नाही, हे देशाच्या परिस्थितीवर अवलंबून असते.

चाळणीची रीत सोपी आहे. शौचाचा कणभर नमुना एका काडीने घेऊन लहान नळीत ठेवावयाचा. डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात असेल तर रसायन ते दाखविते. जुन्या पद्धतीत एक अडचण होती. मांसाहार, मुळा, शलगम यांनी ती फसत असे, म्हणून तीन दिवस पथ्य पाळावे लागे. नव्या पद्धतीत केवळ मानवी रक्तातील प्रथिन ओळखले जाते, पथ्य लागत नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ४६,५५१ लोकांवर केलेल्या प्रयोगाचे फलित १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्यात जुन्याच पद्धतीने दरवर्षी तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू तेरा वर्षांत एकतृतीयांशाने घटलेले आढळले. नमुन्यात रक्त सापडले म्हणजे कर्करोग झाला, असे मात्र नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की आता दुर्बिणीने आत पाहिले पाहिजे.

ग्वाल्हेरच्या हवेचा विचार करता एक सूचना मला येथेच करावीशी वाटते. नळीतले रक्तप्रथिन उष्णतेने नासते. इटलीतील फ्लॉरेन्स येथे उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यांत रोग कमी सापडतो, असे दिसून आले आहे. आणि फ्लॉरेन्सचा उन्हाळा म्हणजे आमच्याकडचा फार तर फाल्गुन. ज्येष्ठात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो तेव्हा सायकलच्या पिशवीत दुपारभर फिरलेली नळी काय सांगणार? तेव्हा आमच्याकडे हे काम कार्तिक ते माघ एवढ्यातच उरकावे आणि नमुना त्याच दिवशी शीतकपाटात जावा. परदेशी पुस्तकांतून अशा गोष्टी उचलून जशाच्या तशा लावल्या तर नळ्या खर्ची पडतील आणि लोकांना खोटा दिलासा मिळेल, आणि खोटा दिलासा हा न तपासण्यापेक्षा वाईट.

आता प्रश्न प्रमाणाचा. साधन आहे, तरी माणसे ते वापरीत नाहीत, हे केवळ आपल्याच देशाचे दुःख नाही. अमेरिकेतही गरीब वस्त्यांतील दवाखान्यांत पात्र माणसांपैकी निम्म्यांहून कमी लोकांचीच ही तपासणी होत असल्याचे वर्षानुवर्षे दिसले. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सार्वजनिक दवाखान्यांत सुमारे हजार लोकांवर एक बोधप्रद प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला डॉक्टरांनी फक्त दुर्बिणीची तपासणी सुचविली. शंभरांत ३८ जणांनीच ती करून घेतली. दुसऱ्या गटाला शौचाच्या नमुन्याची तपासणी सुचविली. ६७ जणांनी केली. तिसऱ्या गटाला दोहोंतून हवी ती निवडा म्हटले. ६९ जणांनी केली. म्हणजे डॉक्टर उत्तमाचाच आग्रह धरतो तेव्हा माणूस उत्तम आणि मध्यम दोन्ही सोडून घरी बसतो. कॅलिफोर्नियातीलच एका मोठ्या आरोग्यसंस्थेने, कैसर पर्मनेन्टेने, डॉक्टरने सुचविण्याची वाटच पाहिली नाही. पात्र वयाच्या प्रत्येक सभासदाच्या घरी तिने दरवर्षी टपालाने नळी पाठविली आणि न आल्यास आठवण दिली. २००० साली तपासलेल्यांचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते, २०१५ साली ते ८३ टक्क्यांच्या जवळ गेले, आणि या रोगाचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले.

ही श्रीमंत देशाची उदाहरणे झाली, असे कोणी म्हणेल. तर थायलंडकडे पाहू. तेथील लांपांग प्रांतात २०११ पासून ५० ते ६५ वयाच्या सुमारे सव्वा लाख लोकांपर्यंत ही तपासणी नेण्यात आली. गावचे आरोग्यसेवक घरोघर गेले. सुमारे ६३ टक्के लोकांनी नमुना दिला; स्त्रियांत हे प्रमाण ६८, पुरुषांत ५८. पुरुष मागे राहिले, यात मला नवल वाटत नाही. नमुन्यात रक्त आढळलेले शंभरांत एकाच्या आसपास निघाले, त्यामुळे दुर्बिणीवर असह्य भार पडला नाही.

पण इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे गाव कर्करोगाच्या प्रतिबंधाच्या इतिहासात जगाला ठाऊक आहे, आणि आपल्या मराठी वाचकाला ते बहुधा बार्शी लाइट रेल्वेमुळे आणि भगवंताच्या देवळामुळेच ठाऊक असते. १९८७ साली तेथे बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. भारताच्या ग्रामीण भागातील अशी ही पहिलीच नोंदवही. खेड्यातला कर्करोगी कोणत्याही इस्पितळात जात नाही, तो घरीच झिजून मरतो. मग नोंद कशी ठेवावयाची? बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयातील डॉक्टर नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर साधा उपाय काढला. त्यांचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जात. शिक्षक, सरपंच, सुईण, जो भेटेल त्याच्याशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि अशी लक्षणे कोणास आहेत काय, असे विचारीत. हेतू केवळ मोजणीचा होता. परंतु काही वर्षांनी आकडे पाहिले तेव्हा असे दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आता पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या आहेत. एकही यंत्र आणलेले नव्हते. केवळ कोणीतरी येऊन विचारून गेले होते. १९९५ साली हा वृत्तांत कर्करोगावरील एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

पुढे याच मंडळींनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा प्रयोग उभा केला. तपासणीसाठी बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७९ टक्के आल्या. हा आकडा पुन्हा एकदा ऐकावा. कोरडवाहू जमिनीच्या, दुष्काळी जिल्ह्यातील, बहुतांशी अल्पशिक्षित शेतकरी स्त्रिया, आणि तपासणी मुळीच सुखाची नव्हे. तरी शंभरांत ७९. एकदाच केलेल्या विषाणूच्या चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ साली सिद्ध झाले. मुंबईच्या झोपडवस्त्यांतही, १९९८ पासून, दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून अशीच तपासणी करविली गेली, आणि बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. "आमची माणसे येत नाहीत" असे आम्ही डॉक्टर सभांतून नेहमी म्हणतो. माझे असे मत झाले आहे की माणसे येत नाहीत हे अर्धसत्य आहे. त्यांना कोणी नावाने बोलावीत नाही, हे उरलेले अर्धे.

याच्या शेजारी देशाचे आकडे ठेवून पाहावेत. २०१६ साली केंद्र सरकारने तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन ठिकाणच्या कर्करोगांसाठी तपासणी व्हावी, असे मार्गदर्शन केले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शंभरांत दोनही निघाल्या नाहीत. स्तनांची तपासणी झालेली एकही पुरती भरत नाही. मोठ्या आतड्याचा त्या यादीत समावेशच नाही, आणि मी प्रामाणिकपणे सांगतो की सरसकट तो व्हावा, असा आग्रह मीही आज धरणार नाही. आमच्याकडे आंव, कृमी, साधी मूळव्याध यांनीही नमुन्यात रक्त येते. लक्षावधी नळ्या वाटल्या आणि हजारो माणसे दुर्बिणीच्या रांगेत उभी केली, तर ज्याला खरोखर गाठ आहे तो त्याच गर्दीत चिरडला जाईल. कॅलिफोर्नियातील सत्तर हजार लोकांच्या अभ्यासात, नमुन्यात रक्त आढळल्यावर दहा महिन्यांहून अधिक उशिराने दुर्बिणीची तपासणी झालेल्यांत कर्करोगाचे व वाढलेल्या रोगाचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे नळी देणे ही अर्धीच गोष्ट आहे. किती वाटल्या, हा आकडा सरकारी अहवालात शोभून दिसतो. किती परत आल्या आणि ज्यांच्यात रक्त निघाले त्यांपैकी किती जण दुर्बिणीपर्यंत पोहोचले, हाच खरा आकडा होय.

मग ग्वाल्हेरात काय करता येईल? २०११ च्या शिरगणतीप्रमाणे हे साडेदहा लाखांचे शहर आहे. येथे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून आहे, त्याला जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे. मांढऱ्याच्या मातेच्या टेकडीवर कर्करोग रुग्णालय आहे. आमच्या मराठी मंडळींची ही देवी. तिच्या दर्शनाला जाणाऱ्याला रुग्णालयाची पाटी दिसते आणि तो नजर फिरवून हात जोडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. राज्यशासनाने २०१९ पासून उघडलेली संजीवनी क्लिनिके वस्त्यांतून आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत. साधने शून्य आहेत असे म्हणता येणार नाही.

माझ्या मते आरंभ एका वहीपासून व्हावा. वस्तीच्या दवाखान्यात चाळिशी ओलांडलेला जो कोणी येईल, मग तो खोकल्यासाठी येवो की रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी, त्याला तीन प्रश्न विचारले जावेत. शौचातून रक्त जाते काय? सवय बदलली काय? आई-वडील, भाऊ-बहीण यांत कोणास आतड्याचा कर्करोग होता काय? हे प्रश्न डॉक्टरच्या मर्जीवर सोडू नयेत. डॉक्टर विसरतो, त्याचा दाखला मी स्वतः आहे. ते केसपेपरावर छापलेले असावेत आणि परिचारिकेने किंवा कंपाउंडरने विचारावेत. पुरुषांना पुरुषाने विचारावे हे बरे. आमच्या आशा कार्यकर्त्या कितीही धीट असल्या तरी साठ वर्षांच्या मामंजींना शौचाबद्दल विचारणे त्यांना जड जाते, आणि मामंजी उत्तर देतील ही आशा त्याहून व्यर्थ. ज्याचे उत्तर "होय" येईल त्याची त्याच दिवशी बोटाने तपासणी व्हावी, आणि त्याचे नाव वहीत चढावे. ते नाव रुग्ण दुर्बिणीपर्यंत पोहोचेपर्यंत खोडले जाऊ नये. नमुन्याच्या नळ्या प्रथम घरात रोग असलेल्यांपलीकडच्या, पन्नाशीच्या पुढच्या लोकांना, एखाद्या वस्तीत, थंडीच्या दिवसांत द्याव्यात आणि मोठ्या रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस त्यांच्या दुर्बिणीसाठी आधी राखून मगच द्याव्यात.

आणि सोबत कोणीतरी जावे. दुर्बिणीच्या आदल्या रात्री दोन-चार लिटर रेचक पाणी प्यावे लागते, सकाळी उपाशी जावे लागते, गुंगीचे औषध दिल्यामुळे एकट्याने परत येता येत नाही. आजाराने नव्हे, या एवढ्या खटाटोपाने माणूस मागे फिरतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९९० साली डॉक्टर हॅरॉल्ड फ्रीमन यांनी स्तनांत गाठ सापडलेल्या गरीब स्त्रियांबरोबर निदानापासून उपचारांपर्यंत हिंडणारी, कागद भरून देणारी, दारात थांबणारी माणसे नेमली, तेव्हा कोणाला ते वैद्यक वाटलेही नसेल. आमच्याकडे लग्नात वऱ्हाड असते, काशीला जाताना सोबत असते, फक्त इस्पितळात माणूस एकटा जातो, आणि तोही सांगून नव्हे.

काकांचा मुलगा त्या वेळी कॉलेजात होता. आज तो वडिलांच्या त्या वेळच्या वयाचा झाला आहे. वडिलांना हा रोग साठीच्या आत झाला, म्हणून त्याची दुर्बिणीची तपासणी चाळिशीतच व्हावयास हवी होती. मी त्याला रोज सकाळी फुलबागेत फिरताना पाहत होतो, नमस्कार-चमत्कार होत होते, आणि ही गोष्ट माझ्या तोंडून निघाली ती गेल्या वर्षी. "डॉक्टरकाका, मला काही त्रास नाही," तो म्हणाला. मी म्हटले, "म्हणूनच." त्याने पहिली तारीख गणपतीमुळे पुढे ढकलली, दुसरी भाचीच्या लग्नामुळे. दोन्ही कारणे खरी होती. आता तिसरी तारीख येत्या मंगळवारची आहे. सोमवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन बसणार आहे, आणि ते रेचक पाणी तो माझ्यासमोर पिणार आहे. तसे मी सूनबाईंना सांगून ठेवले आहे.